कल्याण कॅम्पातली माणसं

दिवाळीच्या दिवसांत उल्हासनगरच्या बाजारात पणत्यांच्या ढिगाशेजारी मातीची लहान लहान दुकानं विकायला ठेवलेली दिसतात. तळाला ओटा, कडेला खांब, वर छप्पर आणि पुढे माल मांडायला इवल्या वाट्या. सिंधी घरांत अशा दुकानाला हटडी म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक मुलाच्या नावानं एकेक हटडी मांडायची, तिच्या वाट्यांत लाह्या, बत्तासे, सुकामेवा भरायचा आणि तिची पूजा करायची, अशी रीत आहे. त्याच संध्याकाळी कल्याणच्या मराठी घरांतही लक्ष्मीपुढे बोळकी मांडून त्यांत लाह्या-बत्तासेच भरलेले असतात.

या दोन पूजा एकमेकींच्या शेजारी आल्या त्या फाळणीमुळे. वेगळ्या प्रांतातली, वेगळ्या भाषेची आणि लिपीची जवळपास लाखभर माणसं कल्याणच्या वेशीवर येऊन पडली आणि काही वर्षांत इथलीच झाली. हे कशानं घडलं, कुठे अडलं आणि कुठे अजून अडलेलं आहे, हे आज तपासून बघायला हवं. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत आजही रोज नवी कुटुंबं उतरतात आणि त्यांना सामावून घेण्याचा प्रश्न दर पिढीला नव्यानं सोडवावा लागतो.

लष्कराच्या बराकी, माणसांचा संसार

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसं राहतील असा तिचा पसारा होता. बराकींची संख्या दोन हजारांवर होती. बहुतेक बराकींची रचना सारखीच: मधोमध एक लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, सैन्य निघून गेलं आणि छावणी ओस पडली.

फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. पूर्व पंजाबात उतरलेल्या पंजाबी निर्वासिताला निदान आपली भाषा बोलणारा मुलूख मिळाला. सिंधी माणसाला भारतात स्वतःचा म्हणावा असा एक तालुकाही नव्हता. जिथे जाईल तिथे दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या रीतीभातीत राहणं त्याच्या नशिबी आलं.

सुरुवातीला अनेकांना वाटत होतं की वादळ ओसरेल. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि ती आशा संपली. कराचीहून बोटी भरभरून मुंबईच्या गोदीत आणि काठियावाडच्या बंदरांत येऊ लागल्या. काही कुटुंबं रेल्वेनं मारवाडमार्गे आली. मुंबई सरकारनं १९४८ मध्ये कायदा करून निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली आणि त्यांना छावण्यांमध्ये पाठवायला सुरुवात केली. मुलुंड, चेंबूर, पिंपरी आणि सर्वांत मोठी ती कल्याणची. ठाणे पूर्वेची कोपरी कॉलनीही याच लोंढ्यातून वसली.

कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही अशीच छावणी होती. युद्धाच्या काळात रशियातून सुटून आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना कोल्हापूर संस्थानात आसरा मिळाला होता. १९४३ पासून काही वर्षं ती बायकामुलं तिथे राहिली, त्यांच्या शाळा आणि चर्च तिथे चालले. ती गेली आणि त्याच वस्तीत सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच. परमुलखातून आलेल्यांना जागा देण्याचा अनुभव महाराष्ट्राला त्या आधीच मिळालेला होता.

कल्याणच्या बराकीत संसार मांडणं सोपं नव्हतं. सैनिकांच्या खाटांसाठी बांधलेल्या हॉलमध्ये गोणपाट, चादरी, साड्या टांगून भिंती झाल्या. पलीकडच्या घरातलं भांडण, बाळाचं रडणं, आजाऱ्याचा खोकला सगळं अलीकडे ऐकू यायचं. नळ सामाईक, संडास सामाईक, रेशनला रांग. सिंधमध्ये वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस. हैदराबाद-सिंधच्या घरांवर वारा आत ओढून घेणारे मंघ असायचे. तिथून आलेल्या माणसांवर कल्याणचा नव्वद-शंभर इंचांचा पावसाळा कोसळला. गळकं छप्पर, चिखल, डास आणि ओली लाकडं यांच्याशी त्यांची पहिली ओळख इथे झाली.

या सगळ्यात त्यांनी एक शहाणपण दाखवलं. आपली गावं सोडली, पण गावकी सोडली नाही. शिकारपूरचे, लाडकाण्याचे, हैदराबादचे लोक एकमेकांना शोधत एकत्र आले, जुन्या पंचायती पुन्हा उभ्या राहिल्या, पंचायतीचा प्रमुख, म्हणजे मुखी, पुन्हा तंटे सोडवू लागला. लग्न, मयत, कर्ज, मुलाची नोकरी या अडचणी आधी पंचायतीपुढे जायच्या. गुरू ग्रंथसाहिबापुढे माथा टेकायला दरबार उभे राहिले, सिंध्यांचं दैवत असलेल्या झूलेलालची मंदिरं झाली. परक्या मुलखात पहिला आधार आपल्याच माणसांचा लागतो. तो मिळाला की मग शेजाऱ्याकडे जायचा धीर येतो.

८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचं नाव उल्हासनगर पडलं. तरी आजही तिथला पत्ता विचारा, उत्तर जुन्याच हिशेबात मिळतं: बराक नंबर, सेक्शन, कॅम्प एक ते पाच. रिक्षावाला आजही 'चार नंबर', 'पाच नंबर' असंच ओरडतो.

लोकलच्या डब्यापासून बाजारपेठेपर्यंत

सरकारी मदत कधीतरी संपणार, हे या लोकांनी लवकर ओळखलं. घरातली पोरं सकाळी लोकल पकडून मुंबईला जायची, घाऊक बाजारातून गोळ्या, बिस्किटं, कंगवे, कापडाचे तुकडे घ्यायची आणि गाडीतच विकत परत यायची. घरात बायका पापड लाटायच्या, लोणची घालायच्या. सिंधमध्ये ज्यांना कधी चार पैशांसाठी राबावं लागलं नव्हतं, त्या बायकांच्या पोळपाटावर अनेक घरं तगली. मिरी-जिऱ्याचा खमंग सिंधी पापड आज कल्याण-डोंबिवलीच्या मराठी ताटात सर्रास असतो. तो तिथे पोचला याच बराकींमधून.

नफा थोडा ठेवायचा आणि माल झपाट्यानं फिरवायचा, ही त्यांच्या धंद्याची रीत. त्यानं गिऱ्हाईक खूश झालं आणि आधीपासून पेढी चालवणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी जुन्या व्यापाऱ्यांनी निर्वासितांच्या फेरीवाल्यांविरुद्ध तक्रारी केल्या. सिंधी माणसाबद्दल कुत्सित म्हणी आणि विनोद आपल्या घरांत रुळले ते याच काळात. माल चांगला असला तरी 'उल्हासनगरचा' म्हटलं की नाक मुरडायचं, ही सवय आपण पुढच्या पिढीलाही दिली. ज्याच्याकडून स्वस्तात घेतलं त्यालाच हिणवलं, हे आपल्या समाजाला शोभलं नाही आणि आजही शोभत नाही.

तरीही दुराव्याची भिंत पहिल्यांदा फुटली ती दुकानाच्या गल्ल्यावरच. कल्याण, बदलापूर, मुरबाड, शहापूरकडची मराठी कुटुंबं लग्नाचा बस्ता बांधायला उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये जाऊ लागली. गादीवर बसून साड्या उलगडणारा सिंधी दुकानदार मराठीत बोलू लागला, कारण धंद्याला ते हवं होतं. नऊवारी कोणत्या घरी लागते, मानाची साडी कोणाला, विहिणीला काय द्यायचं, हे त्याला पाठ झालं. फर्निचर आलं, तयार कपडे आले, पुढे जीन्सचा मोठा उद्योग आला. गिऱ्हाइकाच्या आजीला पाणी विचारणारा दुकानदार आणि त्याच्याकडे उधारी ठेवणारा बाप यांच्यात विश्वास बसतो. तसा बसायला वर्षं लागली, पण बसला.

दुसरीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला आणि कोकण, देश, खानदेश, मराठवाड्यातली कामगार कुटुंबं या गावात आली. कॅम्प चारमधला मराठा सेक्शन, सुभाष टेकडीची वस्ती याच गावाची अंगं आहेत. त्यामुळे उल्हासनगर कधीच एका समाजाचं कोंडलेलं गाव राहिलं नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५,०६,०९८ भरली. जेमतेम १३ चौरस किलोमीटर जागेत सिंधी, मराठी, हिंदी, गुजराती, पंजाबी बोलणारी माणसं दाटीवाटीनं राहतात. चालिहोच्या चाळीस दिवसांच्या उपवासात झूलेलालच्या मंदिराबाहेर रांगा लागतात आणि गणपतीत सिंधी घरांतही मूर्ती बसते. सिंधी थदडीला आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न खायचं असतं. आपल्या शिळासप्तमीला चूल न पेटवणाऱ्या आजीला त्यात काहीच परकं वाटणार नाही.

शाळा आणि भाषा

निर्वासितांच्या सामानात सोनंनाणं फारसं नव्हतं, पण शिक्षक होते. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जय हिंद कॉलेज काढलं. हैदराबाद-सिंधहून आलेल्या प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवानी यांनी जे शिक्षण मंडळ उभारलं, त्याचं चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज १९६५ मध्ये उल्हासनगरात सुरू झालं. त्याला सगळे 'सीएचएम' म्हणतात. आज त्याच्या वर्गात कर्जत-कसाऱ्याकडून लोकलनं येणारी मराठी मुलं शेजारच्या बाकावर सिंधी मुलांसोबत बसतात. निर्वासितांनी स्वतःसाठी काढलेली संस्था सगळ्या पंचक्रोशीची झाली. एका समाजानं आपल्याला सामावणाऱ्या मुलखाचं ऋण याहून चांगल्या रीतीनं कसं फेडावं?

भाषेची गोष्ट मात्र दुखरी आहे. सिंधी ५२ अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जायची. भारतात आल्यावर मुलांना ती शिकवायची की देवनागरीत सिंधी लिहायची, यावर समाजात कडाक्याचा वाद झाला. अखेर दोन्ही लिप्यांना मान्यता मिळाली. १० एप्रिल १९६७ ला सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण मान मिळाला तरी शाळा टिकल्या नाहीत. सिंधी माध्यमाच्या शाळांचे वर्ग रिकामे होत गेले, मुलं इंग्रजीकडे वळली, घरात हिंदी शिरली. मोहन कल्पना यांच्यासारखा सिंधी साहित्यातला बिनीचा लेखक उल्हासनगरात राहून लिहीत होता. १९८४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची पुस्तकं मूळ लिपीत वाचू शकणारी नातवंडं आज त्याच गावात शोधावी लागतात.

इथे मराठी वाचकानं थोडं थांबावं. आपली मुलं अमेरिकेत गेली की महाराष्ट्र मंडळात गणपती बसवतात आणि रविवारी मुलांसाठी मराठी शाळा चालवतात. त्याचं आपल्याला कौतुक वाटतं आणि ते वाटायलाच हवं. मुलानं घरी आपली भाषा बोलली म्हणून तो तिथला नागरिक कमी होत नाही, हे आपण तिथे अभिमानानं सांगतो. मग आपल्या गावात आलेल्यांच्या भाषेलाही तोच न्याय लागतो. स्थानिकाची भाषा शिकणं हे येणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याची स्वतःची भाषा जगू देणं हे स्थानिकाचं. उल्हासनगरच्या सिंध्यांनी मराठी शिकून आपला वाटा उचलला. सिंधी जगवण्यात आपला वाटा आपण फारसा उचलला नाही.

ज्यांच्या जमिनी गेल्या

आलेल्यांची गोष्ट सांगताना आधीपासून असलेल्यांना विसरून चालणार नाही. ही छावणी मोकळ्या आकाशातून पडली नव्हती. कल्याणच्या आसपासच्या आगरी आणि इतर शेतकऱ्यांची भातशेती, कुरणं युद्धाच्या नावाखाली घेतली गेली. जवळच नेवाळीला त्याच काळात विमानांसाठी धावपट्टी झाली. युद्ध संपलं, विमानं गेली, पण जमीन परत मिळाली नाही, ही सल तिथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. जून २०१७ मध्ये नौदलानं त्या जागेला कुंपण घालायला घेतलं तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या जळल्या, लाठ्या-गोळ्या चालल्या.

सामावून घेण्याचा खर्च नेहमी कुणीतरी देत असतं आणि बहुधा तो सगळ्यात गरीब स्थानिकच देतो. त्याच्या नुकसानीची नोंद झाली नाही, भरपाई मिळाली नाही, तर त्याचा राग सरकारऐवजी शेजारच्या निर्वासितावर निघतो. पाणी, शाळा, दवाखाना जर छावणीबरोबर भोवतालच्या गावांनाही मिळाला असता, तर त्या गावांना छावणी ओझं वाटली नसती. कोणत्याही पुनर्वसनाच्या आराखड्यात शेजारच्या गावाचं पान असायलाच हवं.

कागदाची रखडपट्टी

छप्पर, धंदा आणि शाळा या तीन गोष्टी लोकांनी बऱ्याच अंशी स्वतःच्या हिमतीवर मिळवल्या. चौथी गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. ती म्हणजे कागद.

विस्थापितांना भरपाई आणि पुनर्वसन देण्याचा कायदा १९५४ मध्ये झाला. त्यानुसार बराकी आणि भूखंडांच्या सनदा द्यायच्या होत्या. काहींना त्या मिळाल्या, अनेकांच्या लटकल्या. कुटुंब वाढत होतं. बराकीला पुढे पडवी आली, मग वर माळा, मग मजला, मग पाडून इमारत. नकाशा मंजूर करून घ्यायचा तर मालकीचा कागद हवा आणि तोच धड नव्हता. यातून बिल्डर, दलाल आणि राजकारणी यांचं फावलं. गावभर परवानगीविना इमारती उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये महापालिका झाली तरी हे थांबलं नाही.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि हजारो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. एकदा सगळं सोडून आलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना दुसऱ्यांदा बेघर होण्याची धास्ती बसली. २००६ मध्ये राज्य सरकारनं खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला, तरी कायद्याची अंमलबजावणी कूर्मगतीनं चालली. बांधकाम नियमित नाही म्हणून कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून पुनर्बांधणी नाही. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं दगावली. फाळणीनंतर ७० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही कागदाची हयगय जीव घेत होती.

नागरिकत्वाचाही कागद आहे. सिंधमधून हिंदू कुटुंबं पुढेही थोडी थोडी येत राहिली आणि नातेवाइकांच्या ओढीनं उल्हासनगरात उतरली. त्यांतली कित्येक वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, पण तिचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे चालू राहतील, असा खुलासा सरकारनं केला. अशी बातमी आली की खुलासा येईपर्यंत त्या घरांत कुणाच्या घशाखाली घास उतरत असेल? माणूस वीस वर्षं शेजारी राहतो, दुकान चालवतो, त्याची मुलं इथे शिकतात, आणि तरी एका फर्मानानं त्याचं सगळं डळमळू शकतं. जोवर हा कागद पक्का होत नाही तोवर तो मनानं पूर्ण इथला होत नाही.

तीन हात नाक्यावरचा वर्ग

सामावून घेण्याचा हाच प्रश्न आज कसा दिसतो, ते बघायला आता ठाण्याला येऊ. तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक करून गजरे, फुलं, झेंडे विकणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत पारधी कुटुंबांतली मुलं बरीच. मराठवाड्यातल्या दुष्काळानं त्यांच्या आईबापांना उठवलं आणि उड्डाणपुलाच्या सावलीत आणून टाकलं. ही माणसं मराठी बोलतात, याच राज्याची आहेत. तरीही शहर त्यांच्याशी परदेशातून आलेल्यांपेक्षा परकं वागतं. पारधी म्हटलं की पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेत संशय येतो, तो वेगळाच.

जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेनं ठाणे महापालिकेच्या साथीनं त्याच पुलाखाली शाळा सुरू केली. मालवाहू कंटेनरचा वर्ग केला आणि नाव दिलं सिग्नल शाळा. मुलांनी शाळेत यावं अशी वाट न बघता शाळा मुलांपाशी गेली. मुलांची आंघोळ, खाणं, तब्येत आणि मग पाटी-पुस्तक असा क्रम ठेवला. मुलगा वर्गात बसला की घराची दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे आईबापांशी बोलत राहावं लागलं. दोनच वर्षांत, २०१८ मध्ये, या शाळेतली दोन मुलं दहावी पास झाली. पुढे अशा शाळांचा विचार इतर शहरांतही झाला.

१९४८ ची बराक आणि २०१६ चा कंटेनर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कराचीहून आलेल्यांकडे व्यापाराचं कसब, शिक्षण आणि पंचायत होती. सिग्नलवरच्या कुटुंबाकडे यांतलं काहीच नाही. म्हणूनच त्यांच्या बाबतीत समाजाची जबाबदारी जास्त आहे. सिंध्यांनी आपल्या बळावर जे मिळवलं, ते या मुलांना आपण मिळवून द्यायला हवं.

आपल्या हातात काय आहे

डोंबिवलीकर म्हणून मिरवणारे आपण तरी कुठले? गिरगाव-दादरच्या चाळी सोडून, रत्नागिरी-रायगडची घरं सोडून, स्वस्तात ब्लॉक मिळतो म्हणून आपले आजोबा इथे आले. त्यांनाही कुणीतरी पहिल्या दिवशी पाणी दिलं होतं, दूधवाला दाखवला होता, शाळेत नाव घालायला सोबत आलं होतं.

आज तेच करायचं, आणि त्यासाठी कायदा आपल्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. गावाकडच्या रेशनकार्डावर शहरातही धान्य घेता येतं. हे सारं आपल्या सोसायटीच्या वॉचमनला, शेजारी चाललेल्या बांधकामावरच्या मजुराला, वीटभट्टीवरच्या कातकरी बाईला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तरी अर्ज भरून देणारं, खिडकीपाशी सोबत उभं राहणारं कुणी नसतं. त्या एका सोबतीनं मुलाचं वर्ष वाचतं.

कल्याण कॅम्पानं आपल्याला एवढं शिकवलं आहे: छप्पर, काम, शाळा आणि कागद या चार गोष्टी वेळेवर मिळाल्या तर परका माणूस एका पिढीत गावकरी होतो आणि गावाला भरभरून देतो. यांतली एक जरी अडली तर तिची किंमत त्याची नातवंडं मोजतात, आणि गावही मोजतं. या दिवाळीत फराळाचं ताट शेजारी द्यायला जाल, तेव्हा एक ताट वॉचमनच्या खोलीतही न्या. त्याच्या मुलाचं नाव शाळेत घातलं आहे का, एवढं विचारा. नसेल घातलं, तर सुट्टी संपताच त्याच्याबरोबर शाळेत जा.